एलू, तिथं शनिवार पाळतात ना?

एलू,

आज शनिवार आहे. दुपारचे बारा वाजलेत आणि मी मुद्दाम आजच लिहायला बसलोय. तूच सांगितलं होतंस की तुमच्या नरकाला आठवड्याची सुट्टी असते. शुक्रवारी दिवस मावळला की तिथला विस्तव विझतो, आतल्या सगळ्यांना मोकळं सोडतात, आणि शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत कुणी कुणाला हात लावत नाही. म्हणजे आत्ता तू कुठंतरी पाय पसरून, पानाला चुना लावत बसला असशील. असशील ना?  हे का विचारतोय ते तुला आणि मलाच ठाऊक आहे.

तू नरकात गेलास असं मी म्हणत नाही. असं कुणी म्हणालं तर त्याला मी पौडपासून पिरंगुटापर्यंत पळवीन. पण तूच म्हणायचास, "केरू, थोडं थोडं समद्यांनाच जावं लागतं. स्वच्छ व्हाया." तुला जाऊन नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी चुलीकडं नीट बघू शकलेलो नाही.

मी बावीस वर्षं टपाल वाटलं आणि त्याच्या दुप्पट वर्षं थापा वाटल्या. ऐकायला माणसं पुष्कळ होती, पण मनापासून ऐकणारा तू एकटा. मुळशीच्या रानात बिबट्यानं माझी पिशवी दातात धरून उरवड्यापर्यंत पोचवली, ही गोष्ट सांगितली तेव्हा बाजारातली सगळी माणसं हसली. तू घाण्याच्या बैलाला चुचकारत विचारलंस, "बिबट्याला वाचता येतं व्हय रं?" मी म्हणालो, "न्हाई ना! म्हणून तर दोन पत्रं चुकीच्या घरात टाकली त्यानं." तेव्हा तू इतका हसलास की कारळ्याचं तेल भांड्याबाहेर गेलं.

तू कोकणातून ताम्हिणी चढून आलेला, जातीनं बेने इस्रायल, म्हणजे यहुदी. पण गावाला तो शब्द कधी झेपला नाही. गावाच्या लेखी तू शनिवार तेली. बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवतात, हा शनिवारी ठेवतो, एवढाच काय तो फरक. तुमचा देव कुठला, तुमचं पुस्तक कुठल्या लिपीत, कुणी विचारलं नाही. मी विचारलं, कारण मला नव्या थापांना माल लागायचा.

आठवतं, घाण्याच्या ओट्यावर आपलं भांडण जुंपलं होतं, कुणाचा नरक भारी म्हणून?

"तुमच्यात किती हायेत?" तू विचारलंस.

"मोजून अठ्ठावीस. माझा आजा सत्तावीस बघून आला. अठ्ठाविसाव्यात जागा न्हवती म्हणून परत पाठवला."

"आमच्यात येकच हाय. गेहिन्नोम. पन वरीस भरलं की मोकळा. लई वंगाळ मानूस असला तरच पुरं वरीस."

"वर्षात काय हुतंय? आमच्यात जन्मजन्मांतरी तळतात. मोठी कढई, उकळतं तेल." आणि मग माझी जीभ वळवळली. "तेल कुठनं जातं ठावं हाय का? पौडच्या एलोजीच्या घाण्यावरनं. यमाचा रेडा दर अमावास्येला डबं घिऊन जातो."

सगळा ओटा हसला. तू हसला नाहीस. तू हात पुसलेस आणि म्हणालास, "केरू, आगीची चेष्टा करू ने."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू खरंच भितोस. आणि माझ्यासारख्या माणसाला एकदा कळलं की समोरचा भितो, तर मग काय बघता! पुढची कित्येक वर्षं मी तुला भिववलं. तू सांगितलंस की पुरल्यावर कबरीत फरिश्ता येतो आणि मेलेल्याला नाव विचारतो. पापी माणसाला तेव्हा स्वतःचं नाव आठवत नाही आणि त्याला मार बसतो. मी म्हणालो, "तुला तर सकाळचा चष्मा कुठं ठेवला ते आठवत न्हाई. तुझं काय खरं न्हाई, एलू." दुसऱ्या दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, हळू आवाजात, की रोज झोपताना तू आपलं नाव म्हणतोस. पुस्तकातलं नाव. एलाझार, इझाकचा मुलगा. दहा वेळा. मी ते बाजारभर केलं. आज ती आठवण आली की जीभ दाताखाली धरावीशी वाटते.

पण तुझ्या भीतीचं मूळ वेगळंच होतं, आणि ते मी लावलेलं होतं.

माझ्या शांताचं लग्न. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी. मी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या दारात पाचशे पानं उठतील. थापच होती ती, पण त्या लोकांनी ती खरी धरली आणि सातशे माणसं आणली. शनिवारी सकाळी तेल संपलं. मी पळत तुझ्याकडं आलो. तू ओट्यावर स्वच्छ सदरा घालून बसला होतास, पुस्तक मांडीवर. घरात होतं नव्हतं तेवढं तेल तू उचलून दिलंस. ते पुरणार नव्हतं. मी म्हणालो, घाणा चालव.

"आज न्हाई, केरू. तुला ठावं हाय."

"लेकीचं लग्न हाय रं! वऱ्हाडी ताटावर बसल्यात."

"पिरंगुटाहून आन."

"तवर वरात परत जाईल. एलू, तुझ्या देवाला मी सांगतो, आज शुक्रवार हाय म्हणून. माझ्या थापेवर बामण इश्वास ठिवत्यात, तुझा देव काय चीज हाय?"

हे मी बोललो, एलू. या तोंडानं.

तू पुस्तक मिटून बाजूला ठेवलंस. मग सदरा काढून खुंटीला लावलास आणि बैलाला जुंपलंस. बैल हलेना. ही गोष्ट मी नंतर शंभर ठिकाणी सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी लोकांना ती थाप वाटली, पण माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट मीठमसाला न लावता खरी आहे. अकरा वर्षं शनिवारी उभा राहिलेला तो बैल शनिवारी चालेना. तू त्याला मारलं नाहीस. त्याला सोडलंस, दांडीला स्वतःची छाती लावलीस, आणि गोल गोल फिरायला लागलास. मी मागून ढकलत होतो. तुझा श्वास मला ऐकू येत होता. तेल पडायला लागलं तेव्हा तू म्हणालास, "जा. लेकीचं तोंड गोड कर." आणि तसाच खाली बसलास.

लग्न झोकात झालं. पण नंतर कधीतरी तू मला सांगितलंस की तुमच्या जाणत्या लोकांत एक बोलणं आहे: ज्यानं हितं शनिवार मोडला, त्याला तिथं शनिवारची सुट्टी न्हाई. समदे भाईर येऊन बसत्यात, तो एकटा आत.

एकटा आत. मी यावर हसलो होतो का रे? आठवत नाही. नसेन हसलो, असं धरून चालतो.

मग तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि छातीचं दुखणं सुरू झालं. ल्याहावहिनी आधीच गेलेल्या. तुझा एकुलता रूबेन इस्रायलला, कुठल्याशा शेतीच्या वस्तीत संत्र्यांच्या बागा करत. तुला फक्त एक गोष्ट हवी होती. बाप मेला की मुलानं अकरा महिने कादीशची प्रार्थना म्हणायची, दहा पुरुषांत उभं राहून. "तिच्यात मेल्याचं नावबी नसतंय," तू सांगायचास, "देवाची स्तुती असती नुसती. पन पोरगं हुबं राहून म्हनतं, म्हंजी बापाला वर वडाया येक हात मिळतो." मी विचारलं, वर्ष बारा महिन्यांचं, मग अकराच का? तर बारा महिने फक्त पक्क्या पाप्याला लागतात. मुलगा अकरावर थांबतो, कारण आपला बाप तसला नव्हता असं त्याला जगाला सांगायचं असतं. एलू, मी आयुष्यात अनेक थापा रचल्या, पण यापेक्षा सुंदर मला काही रचता आलं नसतं.

तू सांगितलंस, मी लिहिलं, रूबेनला पत्र गेलं. दीड महिन्यानं निळं हवाई पत्र आलं. मी ते तुझ्या खाटेशी बसून फोडलं.

रूबेननं लिहिलं होतं: बाबा, मी तुम्हाला फसवणार नाही. इथं आमच्या वस्तीत कुणी प्रार्थना करत नाही. नरक वगैरे भ्यायलेल्या लोकांनी केलेल्या गोष्टी आहेत. माणूस मेला की माती होते. तुमच्यासाठी जीव देईन, पण ज्यावर विश्वास नाही ते म्हणायचं वचन देणार नाही.

मी मनात वाचलं. तू विचारलंस, "काय म्हनतोय?"

बावीस वर्षं मी गावाला पत्रं वाचून दाखवली. कुणाच्याही पत्रात माझं थोडं मीठ असायचंच. मुंबईच्या मुलानं आईची चौकशी केली नसेल तर मी करायचो. ती सवय होती. पण त्या दिवशी मी पत्र नुसतं बदललं नाही, उलटं केलं. मी वाचलं: "बाबा, मी रोज पहाटे कादीश म्हणेन. अकरा महिने. एक दिवस चुकणार नाही."

तुझा चेहरा सैल झाला. बांधलेली पेंढी सुटावी तसा. तू शेजारणीकडून पोहे भिजवून घेतलेस, त्यात गूळ, खोबरं घालून तुमचा मलिदा करायला लावलास, एलियाहू पैगंबराचं नाव घेतलंस, आणि पहिला घास मला दिलास. 

दोन दिवसांनी तू म्हणालास, "केरू, पुन्यांदा वाच."

मी वाचलं. "बाबा, मी रोज संध्याकाळी कादीश म्हणेन..."

तू दिसत नसलेले डोळे माझ्याकडं वळवलेस. "मागल्या येळंला पहाटं म्हनला व्हतास."

थापाड्या म्हणून पंचक्रोशीत माझं नाव, आणि त्या क्षणाला मला एक थाप सुचली नाही. तू माझा हात चाचपून धरलास. "बरं," म्हणालास. "पहाटंबी आन् सांजंबी. चांगलं पोरगं हाय."

तुला कळलं होतं का, एलू? कळून तू मला सांभाळून घेतलंस, की खरंच विश्वास ठेवून गेलास? हा प्रश्न मी तुझ्या हयातीत विचारला नाही, कारण उत्तराची भीती वाटली. आता उत्तर मिळणार नाही याची वाटते.

गुरुवारी पहाटे तू गेलास. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी, म्हणून ट्रकमध्ये घालून मी तुला पुण्याला नेलं. तुमच्या लोकांनी तुला आंघोळ घातली, पांढरं नेसवलं. माती पडायला लागली आणि मला एकदम तो नाव विचारणारा फरिश्ता आठवला. मी खड्ड्यात वाकून ओरडलो, "एलाझार! इझाकचा मुलगा! ऐकलंस का? एलाझार!" माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. शेजारच्या चिंचेवरचे कावळे उठले. दोन माणसांनी मला धरून मागे घेतलं.

नंतर तुमच्या प्रार्थनाघरातले, तुम्ही त्याला मशीद म्हणता, तिथले हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हातारे गृहस्थ, त्यांनी विचारलं, "मुलगा?"

"परदेशी."

"तिकडे कादीश म्हणणार ना?"

आणि मी मान हलवली. होय म्हणून.

बघ, एकदा सुटलेली थाप कशी पळते. तुझ्यासाठी म्हणून सांगितली ती आता तुझ्यावरच उलटली. मुलगा म्हणणार म्हटल्यावर इथं कोण म्हणेल? म्हणजे तिकडं कुणी नाही, इकडं कुणी नाही, आणि माझ्या लेकीच्या लग्नात मोडलेला शनिवार तुझ्या छातीवर. सहा दिवस मी अन्न गिळलं नाही. सूनबाईनं कढईत भजी सोडली तर मी अंगणात पळालो.

परवा गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं पुण्याला गेलो. मशिदीच्या दारात पोचलो तर आत नऊ माणसं बसलेली, सगळी दाराकडं डोळे लावून. दहावा आल्याशिवाय कादीश होत नाही. माझ्या डोक्यावर टोपी होती, अंगावर स्वच्छ सदरा होता. एकजण हसून उठला. "या, या! तुमचीच वाट होती. आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं. माझं आडनाव 'कर' लावून संपतं, त्यांचीही सगळी तशीच. "वा! कोकणातले. बसा."

एलू, कुणीही मला ओळखलं नसतं. बसायचं आणि आमेन म्हणायचं, एवढंच काम. सगळ्या आयुष्याची तालीम मी याच क्षणासाठी केली असावी, असं वाटलं. पाय उचललाही होता. आणि मग मला तू दिसलास, बैलाच्या जागी छाती लावून फिरणारा. मनात आलं, देवाला शुक्रवार सांगून एकदा बघितलं; आता दहावा सांगून बघू नको. खोट्या माणसावर मोजलेली कादीश वर पोचली नाही तर?

"मी तुमचा नाही," मी म्हणालो. "मी मराठा. पौडचा. दहावा नाही मी."

 मग मी उंबऱ्यावर बसूनच सगळं सांगून टाकलं. घाणा, पत्र, मान हलवली ते. एक म्हातारा चिडून उठला, "मेलेल्या माणसाशी खोटं बोललात?"

"न्हाई, जित्याशी," मी म्हणालो. "मेल्यावर एकदाबी न्हाई बोललो."

हज्जान जवळ आले. मी त्यांना एकच विचारलं, तो शनिवारी एकटा आत असेल का.  ते म्हणाले, "जुन्या लोकांनी तसं सांगितलंय खरं. पण दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी ज्यानं बैलाच्या जागी स्वतःला जुंपलं, त्याचा न्याय करायला बसणाऱ्यालाही जरा विचार करावा लागेल."

विचार करावा लागेल. म्हणजे सुटला, असं ते म्हणाले नाहीत. मी ते शब्द उलटेसुलटे करून बघितले, पण त्यातून 'सुटला' निघत नाही.

कुणीतरी रस्त्यावर गेला आणि सायकलवरून कचेरीला निघालेल्या तुमच्यातल्या एका कारकुनाला अडवून घेऊन आला. तो घड्याळ दाखवत कुरकुरत होता, पण आला. दहा झाले. हज्जानांनी तुझ्यासाठी कादीश म्हटली. मी पायरीवर उभा होतो. सगळ्यांचं आमेन झाल्यावर माझं निघालं, उशिरा आणि फार मोठ्यानं. कारकून दचकला.

बाहेर पडताना हज्जान म्हणाले, "आम्ही जमेल तेव्हा म्हणू. पण रोज दहा जमत नाहीत हो आता. दर महिन्याला एखादं घर इस्रायलला जातं. मुलाला खरं काय ते लिहा."

काल लिहिलं. चार वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीला माझी सवय मध्ये यायची. एकदा तर तू त्याच्या स्वप्नात येणार आहेस असंही लिहून बसलो होतो. शेवटी एवढंच ठेवलं:

"रूबेन, तू खरं लिहिलंस आणि मी खोटं वाचलं. तुझे बाबा माझं खोटं उशाला घेऊन गेले. तुला नरक पटत नाही, नको पटू दे. मला तरी अठ्ठावीस कुठं पटतात? पण तुझे बाबा भ्यायले होते, आणि त्यांची भीती खरी होती. ती मी डोळ्यांनी बघितली. भ्यायलेल्या माणसाला हात द्यायला भुतावर विश्वास असावा लागत नाही. उभा राहा बाबा. अकरा महिने. तुझा केरूकाका."

टपालपेटीत पत्र टाकलं आणि पेटीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. नवा पोस्टमन म्हणाला, "नाना, पडलं की आत. आता कसली वाट बघताय?"

पत्र पोचायला तीन आठवडे, उत्तराला तीन आठवडे. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, आणि जे येईल ते मी आहे तसंच तुला वाचून दाखवणार आहे. तोवर तू भिऊ नको, एलू. दोघांपुरतं मी भितोय.